भुरीच्या तोंडचा घास

रूपाचे हात परातीत होते, पण कान गोठ्यात. भाकर तव्यावर टाकली की ती मागच्या दारापर्यंत जायची, गोटी वासराच्या जबड्याकडे बघायची आणि करपल्याचा वास आला की पळत परत यायची. तिच्या सासूनं, भागिरथाबाईनं, काळ्या झालेल्या भाकरी निमूटपणे बाजूला ठेवल्या आणि शेवटी सुनेच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"तू जाय, तिच्यापाशीच बस," ती म्हणाली. "इथं राहून कायले पीठ नासवतं?"

गोटीचा जबडा हलत नव्हता.

ढोर पोटभर खाऊन बसलं, की थोड्या वेळानं त्याच्या गळ्यातून एक गोळा वर सरकतो, कातडीखालून उंदीर पळावा तसा, आणि मग जबडा सावकाश आडवा फिरायला लागतो. डोळे अर्धे मिटतात. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला त्यात बघण्यासारखं काही वाटत नाही, इतकं ते रोजचं. रूपा मात्र तेवढ्यासाठी आसुसली होती. गोटी पाय दुमडून बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. पोट घागरीसारखं फुगलेलं, वर फासळ्या, केस उभे राहिलेले. शेणात सोयाबीनचं कुटार, मळणीतला भुसा, जसंच्या तसं पडायचं. गव्हाणीतली काडी आणि शेणातली काडी शेजारी ठेवली तर वेगळी ओळखू आली नसती.

कडेवर तिची लेक साक्षी होती. नुकती रांगायला लागली होती, म्हणून तिला खाली सोडायचीच नाही असा रूपाचा नेम होता. गोठ्यात तर नाहीच. पोरीनं वासराकडे हात केला की रूपा पदरानं तो हात पुसायची, वासराला लागला नसला तरी.

खरं म्हणजे गोटी जगली होती ती रूपामुळेच, असं सगळं किन्हीराजा गाव म्हणत होतं. पावसाळ्यात लम्पीची साथ आली, तेव्हा तांबडी गाय नुकतीच व्यालेली. तिच्या अंगावर पहिली गाठ दिसली आणि रूपानं त्याच दिवशी वासरू उचलून ओसरीत आणलं. साक्षीच्या पाळण्यासाठी घेतलेली मच्छरदाणी त्याच्यावर टांगली. दूध उकळून, कोमट करून, बाटलीनं. बाटली पुन्हा उकळायची. हात साबणानं. तांबडी दावणीवरून हंबरायची, जीभ बाहेर काढून वासराच्या दिशेनं मान ताणायची, आणि रूपा मधलं दार लावून घ्यायची. अमरावतीहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली सून, माशी रोग कसा नेते हे घरात तिलाच ठाऊक, म्हणून कोणी आडवं आलं नाही. मच्छरदाणीत झोपलेलं वासरू बघायला गल्लीतल्या बाया यायच्या. "बाळंतपन वासराचं हाये का सुनेचं?" असं विचारून हसायच्या. तांबडी गेली. शेजारच्या खुंट्याचा बैलही गेला. गोटी राहिली, पाकिटाच्या दुधावर वाढली, आणि रूपाला वाटलं, जिंकलो.

दूध तोडून कुटारावर आली, तिथून हे सुरू झालं.

डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, भुकेची पावडर दिली, पुन्हा येऊन पोट वाजवून बघितलं आणि मूळचंच अशक्त आहे म्हणाला. रूपाचा नवरा प्रसेनजित रिसोडला बँकेत होता आणि शनिवारीच घरी यायचा. फोनवर तो म्हणाला की एवढं जिवाला लावून घेऊ नको, वासरूच आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तो घरी नव्हता. त्याला त्याचे वडील दिसत नव्हते.

इंद्रभानबाबा रोज सकाळी रिकाम्या खुंट्याशेजारी पोतं टाकून बसायचे. बोलणं आधीच बेताचं, आता तर हो-नाहीवर आलं होतं. एकदा मात्र त्यांनी न विचारता सांगून टाकलं होतं, की हीबी गेली तं गोठा पाडून टाकू, टिनं विकून टाकू, मंग कोनी मले ढोराचं नाव काढायचं नाई. ते रागानं म्हणाले असते तर रूपाला एवढं लागलं नसतं. चहात साखर कमी आहे, तसं म्हणाले होते.

त्या दिवशी दुपारी रूपा साक्षीची बाटली उकळायला ठेवून उभी होती. पाण्याला उकळी फुटली, बाटली तळाशी खडखडू लागली. त्याच पातेल्यात गोटीचीही बाटली उकळायची. तीच सांडशी. किती दिवस तिनं दोन्ही बाटल्या अशा एकत्र उकळल्या होत्या, आणि किती समाधान वाटायचं त्या वाफेकडे बघून. आता तिनं हातातली सांडशी ओट्यावर ठेवून दिली.

तिला प्रयोगशाळेतली काच आठवली.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तिच्याकडे प्रबंधासाठी गायीच्या पोटातली बुरशी आली होती. मैत्रिणींना दह्यातले, मातीतले जिवाणू मिळाले, हिला ही. घरी सांगायचीही लाज. पण एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि ती तिच्या प्रेमात पडली. भाकरीवर येते, लोणच्यावर येते, त्या बुरशीची ही लांबची भाऊबंद; पण त्या सगळ्या हवेवर जगतात आणि हिला हवा म्हणजे विष. हिची बीजं शेपटी हलवत गायीच्या पोटातल्या पाण्यात पोहतात, गवताची काडी सापडली की तिला चिकटतात आणि मुळं फुटावीत तसे धागे काडीत घुसवतात. आतून काडी फोडतात. मग त्या भेगेतून जिवाणू शिरतात आणि बाकीचं काम होतं. वाळलेला कडबा, कुटार, ज्यात आपल्याला लाकूड दिसतं, त्याचं दूध होतं ते असं.

आणि त्यातली खरी गंमत मॅडमनी शेवटी सांगितली होती. गवत फोडायची ही हत्यारं त्या बुरशीची स्वतःची नाहीतच. तिच्या पूर्वजांकडे त्यातली पुष्कळशी नव्हती. माणसाचा पत्ता नव्हता तेव्हा, गवत नुकतंच धरतीवर पसरत असताना, कधीतरी ती जनावराच्या पोटात राहायला आली. तिथं जिवाणू आधीपासून होते. त्यांच्यातले एकेक गुण, शेकड्यानं, हिनं आपल्यात ओढून घेतले, आपल्या जनुकांत शिवून टाकले. हवेवाचून जगण्याची युक्तीसुद्धा काहीशी त्यांच्याकडूनच. मॅडम फळ्यावर एक उभी रेघ ओढायच्या आणि एक आडवी. वारसा असा वरून खाली येतो, हे सगळ्यांना माहीत आहे, त्या म्हणायच्या; पण हिचं अर्धं घर आडव्या रेघेवर उभं आहे.

आणि वासराला ही बुरशी जन्मतः नसते. ती आईच्या चाटण्यातून येते, लाळेतून, एका गव्हाणीत दोघींनी तोंड घालण्यातून. रूपानं हे तिच्या प्रबंधात स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं. आणि मग मधलं दार लावून घेतलं होतं.

खात्री नव्हती. सूक्ष्मदर्शक नव्हता, तपासायला काहीच नव्हतं. आतड्याला दुसरंच काही झालेलं असू शकतं, पुन्हा आपणच काहीतरी चुकत असू, हेही तिच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं. तिचं मन असंच होतं. एक दार उघडलं की चार दारांच्या कड्या वाजायच्या. तिनं गॅस बंद केला, साक्षीला उचललं आणि गोठ्यात जाऊन सासऱ्यांना सांगितलं, की निरोगी गायीच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून गोटीला चारावा लागेल. एकदा नाही, दोन-तीनदा. लवकर.

"कोनाच्या गायीच्या?" इंद्रभानबाबांनी विचारलं.

गावातली बहुतेक ढोरं लम्पीनं नेली होती किंवा अजून औषधावर होती. धडधाकट गाय तिच्या माहितीत एकच होती, ओढ्यापलीकडच्या तांड्यावरच्या गोमतीबाईची भुरी.

बाबा पोत्यावरून उठले. "नाई," ते म्हणाले. "उष्टं मागायले या घरातलं कोनी कोनाच्या दारी जानार नाई."

रूपाला वाटलं ते गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. त्यांचा आजा गावात कामं करून दारोदारचं उष्टं आणायचा, शिळ्या भाकरी, खरवडलेलं कालवण. बाप छप्पन साली नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि ते उष्टं आणायचं मडकं त्यानं ओट्यावर आपटून फोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी इंद्रभान जन्मले. या घरात ते कधी लग्नाच्या पंगतीत उरलेलंही बांधून आणत नसत. कोणाच्या ताटातलं, कोणाच्या तोंडातलं, काही नाही. त्यांनी आयुष्यभर विळा उसना मागितला नव्हता.

"वासराले काय ठाऊक छप्पन साल?" भागिरथाबाई दारातून म्हणाली.

"मले ठाऊक हाये," बाबा म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

भागिरथाबाईनं ते पाठमोरे दिसेनासे होईपर्यंत वाट बघितली. मग पदर खोचला. गोमतीबाई आणि ती, दोघींनी एका ओळीत वाकून आयुष्यभर लोकांच्या वावरात निंदण केलेलं. नवऱ्याचं दार बंद असलं तरी तिची स्वतःची एक वेगळी वाट तांड्यावर जात होती.

रूपानं घरातला थर्मास घेतला. स्टीलचा, साक्षीच्या पाण्याचा; त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. गोळ्याला हवा लागली, गार झाला, की ती बुरशी मरणार. गरम राहील आणि झाकण घट्ट बसेल असं घरात दुसरं काही नव्हतंच. वाटेत तिनं एकदा तो उघडून हुंगला, साबणाचा वास राहिला असेल म्हणून. ओढ्यावर पुन्हा विसळला. पुढे गेल्यावर पुन्हा.

तांडा ऊसतोडीला निघायच्या तयारीत होता. दारोदार बाजा उलट्या ठेवलेल्या, पोती शिवलेली, पत्र्याच्या पेट्या. मुकादमाचा ट्रक आज येतो का उद्या, हेच सगळ्यांच्या तोंडी. गोमतीबाई भांडी पोत्यात भरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि तिला पहिल्यांदा पटलंच नाही. रवंथ करणाऱ्या गायीच्या तोंडचा घास काढला तर गाय सुकते, दूध आखडते, हे तिनं तिच्या सासूकडून ऐकलेलं. तांड्यावर असं कोणी करत नाही.

"अन् पाप कोनाच्या माथी?" तिनं विचारलं.

"माह्या," रूपा म्हणाली.

"तुह्या माथ्यावर जागा कुठं हाये, पोरी? तिथं तं आधीच काळजीचा भारा दिसून राह्यला." गोमतीबाईनं भांड्याचा हात लुगड्याला पुसला. साक्षीकडे बघितलं, मग भागिरथाबाईकडे. "मदनसिंग यायच्या आंधी करा लागन." मदनसिंग म्हणजे तिचा नवरा.

भुरी निंबाखाली बसून रवंथ करत होती. गोमतीबाई तिच्या मानेखाली खाजवत राहिली. गळ्यातून गोळा वर सरकला तसा तिनं जबड्याच्या कडेनं, जिथं दात नसतात तिथून, हात आत घातला आणि हिरवा, वाफाळता मूठभर गोळा बाहेर काढला. भुरीनं मान झटकली. रूपानं थर्मास पुढे धरला, झाकण आवळलं आणि तशीच पळत सुटली. साक्षी सासूच्या कडेवर मागे राहिली आहे हे तिला ओढा ओलांडल्यावर लक्षात आलं, आणि तरीही ती थांबली नाही.

गोटीनं गोळा थुंकला. रूपानं पुन्हा आत घातला, तोंड धरून ठेवलं, गळा चोळला. गिळला. तिच्या कोपरापर्यंत हिरवी लाळ वाहत होती. ती तशीच बसून राहिली, जबड्याकडे बघत.

काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेण तसंच, काडीसकट. तिला ठाऊक होतं की असं लगेच काही दिसणार नाही, की एका गोळ्यानं भागणार नाही. पण ठाऊक असणं आणि धीर धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती उठून बघायची, बसायची, पुन्हा उठायची. साक्षीला ताप तर नाही ना म्हणून तिच्या कपाळाला हात लावायची आणि त्याच हातानं गोटीचे कान चाचपायची.

दुपारी भागिरथाबाई तांड्यावर जाऊन आली ती तोंड पाडून. भुरीनं सकाळी दूध कमी दिलं होतं. गोमतीबाईनं नवऱ्याला खरं काय ते सांगितलं होतं आणि मदनसिंग भडकला होता. ट्रक उद्या येतोय. भुरीला हात लावायचा नाही.

हे सगळं गोठ्याच्या दारात, बाबांच्या समोरच बोललं गेलं. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. रूपा मान खाली घालून उभी राहिली. ते आता बोलतील, बोलून घ्यावं. ते पोत्यावर बसले होते. गोटी त्यांच्या गुडघ्याला तोंड टेकून पडली होती.

"थे बुरशी," ते म्हणाले. तिनं सासूला सांगितलेलं त्यांनी कधी ऐकलं होतं कोण जाणे. "तिले गवत फोडाचं कोनं शिकवलं म्हनतं तू?"

"शिकवलं नाई, बाबा. शेजारच्या जिवानूयकडून आलं तिच्यात."

"तिच्या मायबापाकडं नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग जातीबाहेरून घेतलं म्हना ना."

"जातीबाहेरूनच. बुरशी कुठं, जिवानू कुठं."

"मागून घेतलं का चोरून?"

रूपाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, तेही अर्धवट. "थे कोनालेच ठाऊक नाई. एका पोटात राहत होते. जवळ होतं, घेतलं. त्याच्यावरच तिचा वंश चालला. आता तिच्या लेकरायले थे जन्मतःच भेटते."

बाबा गोटीच्या कपाळावरचा केसांचा भोवरा अंगठ्यानं उलटा फिरवत राहिले. "माह्या आज्यानं माह्या बापाले जे देल्लं होतं," ते म्हणाले, "थे त्यानं फोडून टाकलं. दुसरीकडचं आनलं. मले तं थेच जन्मतः भेटलं." मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठत हात पुढे केला. "थर्मास आन."

तांड्याकडे जाताना ते पुढे आणि रूपा साक्षीला घेऊन मागे. तिला वाटेत त्यांना परत वळवावंसं वाटलं. मदनसिंग नाही म्हणाला तर? चारचौघांत म्हणाला तर? वासरू गेलं तर रडून मोकळं होता येईल, पण या म्हाताऱ्यानं पहिल्यांदा हात पसरला आणि तो रिकामा परत आला, तर घरात त्या हाताकडे कसं बघायचं?

मदनसिंग पेटीला दोर आवळत होता. इंद्रभानबाबांना बघून त्यानं बाजेकडे बोट केलं. ते बसले नाहीत.

"भुरीच्या तोंडचा घास पाह्यजे," ते म्हणाले. "एक डाव अजून. मागायले आलो."

मदनसिंगचा हात दोरावर थांबला. "तुमी?"

"मी."

"इंद्रभानभाऊ, तुमी माह्या पोराच्या लग्नात ताटातली बुंदी मोजून घेतली होती, उरू नाई म्हनून. अन् आता गायीचं उष्टं?"

"हो," बाबा म्हणाले. एवढंच. थर्मास त्यांनी छातीशी धरला होता, दोन्ही हातांनी.

शेजारच्या दारातल्या बायांनी कामं थांबवली होती. रूपाला साक्षीचं वजन एकदम दुप्पट वाटू लागलं. मदनसिंग भुरीकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, दुसरंच काही होतं. ते तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. भुरीच्या खुंट्यापाशी काहीच बांधाबांध नव्हती. पोती, पेट्या, कोंबड्यांची डालसुद्धा तयार. गायीचं मात्र काहीच नाही.

"भुरी कुठं राहनार, मावशी?" तिनं गोमतीबाईला विचारलं. "तुमी गेल्यावर?"

गोमतीबाईनं नवऱ्याकडे बघितलं. मग ती सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचा आवाज चढला. भुरीला मेव्हणा दौलतसिंग सांभाळणार होता, त्यानं काल नाही म्हणून निरोप पाठवला. ऊसतोडीच्या पालावर गाय नेता येत नाही. राहिला ढोरांचा व्यापारी. सकाळपासून हा माणूस पेटीचा तोच दोर सोडतोय आणि तोच बांधतोय. दूध कमी झालं ते घास काढल्यानं का या घरातल्या गोंधळानं, ते भुरीलाच ठाऊक.

"तं मंग आमाले विचारा लागत होतं," बाबा म्हणाले.

"तुमी कोनाले विचारता का कधी?" मदनसिंग म्हणाला.

"बसा मंग दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहात," गोमतीबाई म्हणाली. "भुरी याइच्या गोठ्यात बांधाची. कायचा घास अन् कायचा थर्मास. वासरू अन् गाय एका गव्हानीत खातीन. आमी येऊ तवा आमची गाय आमाले देजा."

मदनसिंगनं पेटीच्या दोराची गाठ मारली. यावेळी त्यानं ती सोडली नाही.

एवढं झालं तर रूपाला हलकं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनानं लगेच दुसरी कडी वाजवली. बाहेरची गाय. आपल्या गोठ्यात. तिनं साक्षीला गोमतीबाईकडे न देता बाबांकडे दिलं आणि भुरीच्या अंगावरून हात फिरवायला सुरुवात केली. मान, खांदा, पोटाखाली, मांडीच्या आत, शेपटीच्या मुळाशी. कुठं गाठ, कुठं खपली. डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या. पुन्हा पहिल्यापासून. तांड्यावरच्या बाया हसायला लागल्या.

"लम्पीचं इंजेक्शन देल्लेलं हाये, बाई," मदनसिंग म्हणाला. "का आता फटफटी घेतल्यावानी चाक फिरवूनबी पाह्यतं?"

रूपानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खूरही बघितले.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या आधी गोमतीबाई स्वतः भुरीला घेऊन आली. भुरी गोठ्यात शिरली, गोटीला हुंगलं आणि शिंगानं बाजूला ढकललं. गोटी धडपडली. रूपा पुढे झाली, तर बाबांनी तिचा दंड धरला. त्यांनी असा दंड कधी धरला नव्हता. "राहू दे," ते म्हणाले.

गव्हाणीत कडबा टाकला. भुरी खाऊ लागली. थोड्या वेळानं गोटी भीत भीत दुसऱ्या टोकाला आली आणि भुरीच्या तोंडातून ओलं होऊन पडलेलं कडब्याचं धांडं तिनं ओढलं. भुरीनं बघितलं. मग खरखरीत जीभ काढून वासराच्या कानामागे एकदा चाटलं, जणू काही लागलं होतं ते पुसायला, आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.

मुख्य रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. गोमतीबाईनं भुरीच्या तोंडात, त्याच कडेनं, शेवटचा हात घातला. चालता चालता गोळा गोटीला भरवूनच टाकला. मग त्याच हातानं ती साक्षीची हनुवटी धरायला आली. रूपानं मधेच तिचं मनगट पकडलं.

"थांबा, मावशी. हात."

तिनं तांब्या आणि साबण आणला. गोमतीबाईनं धुऊन घेतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, रूपाचं समाधान होईपर्यंत. "वासराले चालते," ती भागिरथाबाईला म्हणाली, "अन् हिच्या पोरीले साबन लागते."

"हिच्या नवऱ्यालेबी लागते," भागिरथाबाई म्हणाली. "शनिवारी येते, तं चार डाव हात धुते, मंग चहा भेटते."

ओल्या, गार हातांनी गोमतीबाईनं साक्षीला घेतलं, छातीशी धरलं. पोर रडली नाही. रूपा बघत होती, हात पुढे करून, पडलीच तर म्हणून. मग भोंगा पुन्हा वाजला आणि गोमतीबाई पदर सावरत रस्त्याकडे पळाली.

त्यानंतरचे दिवस रूपाचे कसे गेले ते भागिरथाबाईच सांगू जाणे. भुरीनं शिंक दिली तरी रूपा उठायची. दूध वाढलं का, घटलं का. भुरीला काही झालं तर गावभर काय होईल. गोटीचं शेण काडीनं उकलून बघायचं. एके सकाळी त्यात काड्या कमी दिसल्या. तिनं ते कोणालाच सांगितलं नाही, कदाचित आपल्यालाच तसं दिसायला लागलं असेल म्हणून. बाबा पोतं टाकून बसत, आता दोन खुंट्यांच्या मध्ये. टिनांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं, पण नाही काढणार असंही म्हणाले नव्हते.

एका दुपारी ती गोठ्याच्या दारात उभी होती. कंबर भरून आली म्हणून तिनं साक्षीला दारातल्या पोत्यावर ठेवलं, क्षणभर. भुरी बसली होती, रवंथ करत. गोटी तिच्या पाठीला टेकून. गोटीच्या जबड्यावर रूपाची नजर खिळली होती, सवयीनं.

पायाशी खोकल्यासारखा आवाज आला. साक्षीनं कुटाराची काडी तोंडात घातली होती. रूपा झटकन खाली बसली, तिनं पोरीच्या गालाच्या कडेनं बोट आत घातलं, जिथं अजून दात आले नव्हते तिथून, आणि लाळेनं भिजलेली काडी बाहेर काढली. तोंडात आणखी काही राहिलं का ते बघितलं, बोट पुन्हा फिरवलं. साक्षी रागानं तिच्याकडे बघत होती. आत्ता हात धुवायला हवेत, पोरीचेही, पोतंही झटकायला हवं, असं म्हणत तिनं मान वर केली.

गोटीचा जबडा हलत होता. सावकाश, आडवा. डोळे अर्धे मिटलेले. कधी सुरू झालं ते तिला कळलंच नव्हतं; एवढे दिवस डोळ्यांत तेल घालून बसली आणि नेमका तो क्षण तिच्या पाठीमागे होऊन गेला.

हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. आत तव्यावर भाकर होती, ती करपल्याचा वास येत होता. साक्षीला कडेवर घेऊन, ओली काडी मुठीत तशीच धरून, रूपा तिथंच उभी राहिली. न जाणो, थांबलं तर.